ॲप स्टोअरचं कमिशन : कुणाला किती, कशावर आणि का?

किनारपट्टीवरच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी एकाच विषयावरची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरांतले हिशेब जीएसटी धरण्यापूर्वीचे आहेत, फक्त रत्नागिरीच्या वाचकाच्या उत्तरात गेटवेच्या शुल्कावरचा जीएसटी धरला आहे. दर गुगल आणि ॲपल यांनी २०२१-२२ पासून लागू केलेले आहेत. हे करार बदलत असतात, म्हणून किंमत ठरवण्याआधी आपल्या खात्यातला ताजा करार उघडून दर पडताळून घ्या.

प्रश्न : आम्ही तिघे बागायतदार मिळून हापूसच्या पेट्यांची आगाऊ नोंदणी घेणारं ॲप बनवून घेतोय. त्यातच इतर बागायतदारांसाठी मोहोरापासून काढणीपर्यंतचं फवारणीचं वेळापत्रक आणि व्हिडिओ पैसे घेऊन द्यायचे आहेत. वाशीला माल पाठवला तर दलाली किती जाणार हे आधी ठाऊक असतं. इथे कुणी म्हणतं ३० टक्के, कुणी म्हणतं काहीच नाही. पेटीमागे कमिशन द्यावं लागेल का?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : पेटीवर एक पैसाही नाही. वेळापत्रकावर आणि व्हिडिओवर मात्र द्यावं लागेल. दोन्ही स्टोअरचा (गुगलचं प्ले आणि ॲपलचं ॲप स्टोअर) मूळ नियम असा की, जी वस्तू किंवा सेवा ॲपच्या बाहेर, प्रत्यक्षात मिळते तिच्यावर कमिशन नाही. आंब्याची पेटी, होमस्टेची खोली, तारकर्लीची स्कूबा डायव्हिंगची नोंदणी, रिक्षाचं भाडं हे सगळं त्यात येतं. अशा विक्रीसाठी स्टोअरची स्वतःची पेमेंट व्यवस्था वापरायचीच नसते. तिथे यूपीआय किंवा तुमचं नेहमीचं पेमेंट गेटवे लावायचं. जे फोनच्या पडद्यावरच वापरलं जातं ते डिजिटल, आणि ते ॲपमध्ये विकायचं तर सर्वसाधारणपणे स्टोअरच्या व्यवस्थेतूनच विकावं लागतं. कमिशन त्यावर आहे.

म्हणजे दीड हजारांच्या पेटीवर शून्य आणि पन्नास रुपयांच्या सल्ल्यावर १५ किंवा ३० टक्के. पेटी पोचवण्यात स्टोअरचा काही हात नाही, हे खरं. पण व्हिडिओ तुमच्याच सर्व्हरवरून जात असेल तर तिथेही तो फारसा नाही. ही रेघ खर्चावरून ओढलेली नाही, हे ध्यानात ठेवूनच किंमत लावा.

गडबड होते ती दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की. ‘वॉलेटमध्ये ५०० रुपये भरा, त्यातून पेटी घ्या किंवा व्हिडिओ बघा’ अशी सोय ठेवली, तर त्या वॉलेटमधून डिजिटल वस्तू विकत घेता येते आणि स्टोअरतर्फे ॲप तपासणारा ते परत पाठवतो. ‘सभासद व्हा, पेटी आधी मिळेल आणि सल्लाही मिळेल’ अशी एकच वर्गणी ठेवली, तर ती कशात धरायची हे त्याच्या मर्जीवर सोडल्यासारखं होतं. म्हणून दोन वेगळी बटणं, दोन वेगळी नावं, दोन वेगळ्या पावत्या ठेवा. ॲप तपासणीला पाठवताना टिपेच्या रकान्यात लिहा की पेटी कुरिअरने घरपोच जाते, तिचं पेमेंट अमुक गेटवेतून होतं, आणि सल्ल्याची वर्गणी स्टोअरच्या व्यवस्थेतून होते. सोबत चाचणीचं लॉगिन द्या. आणखी एक, सप्टेंबरात ॲप पाठवलं तर यादीत आंबा नसणार. रिकामा पडदा दिसला की ‘ॲप अपूर्ण आहे’ असा शेरा येतो. त्या काळापुरती नमुन्याची एक पेटी यादीत दिसू द्या.

प्रश्न : मी मच्छीमारांसाठी भरती-ओहोटी, वारा आणि लाटांची माहिती मराठीत देणारं ॲप करतो. महिना ५९ रुपये वर्गणी ठेवणार आहे. मला १५ टक्के लागेल की ३०? आणि बंदीच्या दोन महिन्यांत तांडेल पैसे का भरतील?
– एक वाचक, हर्णे

उत्तर : तुम्हाला १५ टक्केच लागायला हवेत, पण काही ठिकाणी ते मागून घ्यावे लागतात. न मागितल्यामुळे ३० टक्के भरत राहणारे लोक आहेत, म्हणून हे नीट वाचा.

गुगलवर आपोआप नूतनीकरण होणाऱ्या वर्गणीला १ जानेवारी २०२२ पासून सर्वांना पहिल्या दिवसापासून १५ टक्के दर आहे. त्यासाठी वेगळा अर्ज नाही. पण तुम्ही ‘हंगामाचा पास, एकदाच ४९९ रुपये’ असं काही ठेवलंत, तर ती वर्गणी नाही, एकवेळची खरेदी आहे. तिला १५ टक्के हवे असतील तर प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप बनवणाऱ्याच्या गुगलवरच्या खात्यात, पेमेंट प्रोफाइल पूर्ण करून, अकाउंट ग्रुप तयार करून, तुमच्याशी संबंधित दुसरी खाती असतील तर ती जाहीर करून अटी मान्य कराव्या लागतात. हे केलं की दरवर्षीच्या पहिल्या १० लाख डॉलरच्या कमाईवर १५ टक्के, त्यापुढे ३०.

ॲपलकडे मूळ दर ३० टक्के आहे. वर्गणीदाराने एक वर्ष पैसे भरले की त्याच्यापुरता तो १५ होतो. मात्र जानेवारी २०२१ पासून छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळी योजना आहे. मागच्या कॅलेंडर वर्षात कमिशन वजा जाता तुमची मिळकत १० लाख डॉलरच्या आत असेल, तर सगळ्याच विक्रीवर १५ टक्के. नव्याने येणाराही पात्र आहे. यासाठी अर्ज करावाच लागतो, आणि मंजुरी मिळाली तरी नवा दर ॲपलच्या हिशेबातल्या त्या महिन्याच्या अखेरीनंतर १५ दिवसांनी सुरू होतो. त्यामुळे ॲप विक्रीला काढायच्या दीड-दोन महिने आधीच अर्ज टाका. भावाच्या किंवा भागीदाराच्या नावावर दुसरं खातं असेल आणि त्यात तुमची निम्म्याहून अधिक मालकी असेल, तर दोन्हींची मिळकत एकत्र धरली जाते. ते लपवू नका.

आता हिशेब. ५९ रुपयांवर १५ टक्के म्हणजे ८ रुपये ८५ पैसे. हातात ५० रुपये १५ पैसे. ३० टक्के गेले तर हातात ४१ रुपये ३० पैसे. समजा ४०० बोटी वर्गणीदार झाल्या, तर महिन्याचा फरक ३,५४० रुपये आणि मासेमारीच्या दहा महिन्यांचा ३५,४०० रुपये. पण तुमच्या बाबतीत कमिशनपेक्षा ॲपलची वर्षाची ९९ डॉलर फी आधी तपासा. ती साडेआठ हजार रुपयांच्या आसपास जाते. नुसती ती फी निघायला आयफोन वापरणाऱ्या १७ बोटींनी दहाही महिने वर्गणी भरायला हवी. गुगलची नोंदणी एकदाच २५ डॉलर आहे. बंदरावर आधी नुसतं विचारून बघा, कुणाच्या हातात कोणता फोन आहे ते.

बंदीचं म्हणाल, तर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. गुगलवर वर्गणी थांबवून ठेवायची सोय आहे. ती तुम्ही कन्सोलमधून चालू करून द्यायची असते. वर्गणीदार एक आठवडा ते तीन महिने थांबू शकतो, मात्र वार्षिक वर्गणीला ही सोय दिसत नाही. चालू महिना संपल्यावरच ‘थांबा’ लागू होतं, म्हणून मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांना ॲपमध्येच सूचना द्या. नाहीतर जूनचे पैसे कापले जातात आणि ‘बोट किनाऱ्याला, तरी पैसे घेतले’ म्हणून वाईट अभिप्राय पडतात. ॲपलकडे अशी सोय नाही. माणूस वर्गणी रद्द करतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा घेतो. इथे एक बारकावा आहे. खंड ६० दिवसांहून जास्त पडला तर त्या वर्गणीदाराचं एक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं जातं. आपली बंदी ६१ दिवसांची. एका दिवसाने हुकतं. छोट्या व्यावसायिकांच्या योजनेत असाल तर याने काही फरक पडत नाही, कारण दर तसाही १५ आहे. योजनेत नसाल तर प्रत्येक बोट दर हंगामात पुन्हा ३० टक्क्यांवर जाईल.

गुगलवर नवं वैयक्तिक खातं काढत असाल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. ही १२ माणसं हंगाम चालू असतानाच गाठा.

प्रश्न : दशावताराच्या प्रयोगांचं चित्रीकरण करून वर्गणीवर दाखवायचं ॲप आमच्या मंडळाने सुरू केलंय. मोठ्या कंपन्यांना कमी कमिशन लागतं असं ऐकतो. नियम सर्वांना सारखे आहेत की नाहीत?
– मंडळाचे कार्यकर्ते, मालवण

उत्तर : लिहिलेले नियम बऱ्याच अंशी सारखे आहेत. झालेले व्यवहार सारखे नाहीत, आणि हे आता ऐकीव राहिलेलं नाही.

जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी सांगितलं की आम्ही सर्व डेव्हलपरना एकाच नियमाने वागवतो. त्याच समितीने खुल्या केलेल्या कागदपत्रांत २०१६ चा पत्रव्यवहार होता. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओसाठी ॲपमधून येणाऱ्या ग्राहकांवर १५ टक्के दर ठरल्याचं त्यातून दिसलं. तेव्हा बाकीच्यांना वर्गणीच्या पहिल्या वर्षी ३० टक्के होते. अशा व्हिडिओ सेवांसाठी कार्यक्रम असल्याचं ॲपलने जाहीरपणे मांडलं ते २०२० मध्ये. गुगलचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये एपिक गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने गुगलवर भरलेल्या खटल्यात गुगलच्याच अधिकाऱ्याच्या साक्षीतून बाहेर आलं की स्पॉटिफायच्या स्वतःच्या पेमेंटमधून पैसे आले तर गुगल शून्य टक्के घेतं, आणि गुगलच्या व्यवस्थेतून आले तर ४ टक्के. भारतात स्पर्धा आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. त्या आदेशातला एक मुद्दा असा की इतरांवर प्लेच्या बिलिंगची सक्ती आहे, पण यूट्यूबसारखं गुगलचं स्वतःचं ॲप त्या सक्तीत नाही. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड २१६.६९ कोटींवर आणला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आमचं मत स्पष्ट आहे. मोठ्या ग्राहकाला सूट देणं व्यापारात चालतं. पण आयफोनवर ॲप पोचवायला भारतात दुसरं दुकानच नाही. तिथे सूट बंद दाराआड ठरते आणि छोट्याला ‘नियम सर्वांना सारखे’ असं सांगितलं जातं, तेव्हा तुमचं मंडळ आणि ती बडी कंपनी एकाच प्रेक्षकासमोर वेगवेगळ्या खर्चाने उभी राहतात. दर १५ असो की २५, ज्या अटीवर सूट मिळते ती अट छापील असावी आणि ती पुरी करणाऱ्या कुणालाही मिळावी, एवढी मागणी रास्त आहे.

लिखित नियमांतही दोन स्टोअरचं वागणं जुळत नाही. गुगलची मर्यादा प्राप्तिकराच्या टप्प्यांसारखी आहे. १२ लाख डॉलरची विक्री झाली तर पहिल्या १० लाखांवर दीड लाख आणि उरलेल्या २ लाखांवर ६० हजार, मिळून २ लाख १० हजार डॉलर. ॲपलकडे गेल्या वर्षी मर्यादा ओलांडलेल्याला यंदा पहिल्या डॉलरपासून ३० टक्के, म्हणजे तेवढ्याच विक्रीवर ३ लाख ६० हजार. वाढणाऱ्या छोट्या कंपनीला अगदी त्या उंबरठ्यावर शिक्षा होते. ॲपलने टप्प्यांची पद्धत का धरली नाही याचं पटण्याजोगं कारण आम्हाला दिसत नाही.

तुमच्या मंडळापुरता मार्ग आहे. व्हिडिओ, ऑडिओ, पुस्तकं, मासिकं देणारी ॲप्स ॲपलच्या नियमात ‘रीडर’ गटात येतात. त्यांना ॲपमध्ये विक्री ठेवण्याची सक्ती नाही. वर्गणी तुमच्या वेबसाइटवर घ्या, ॲपमध्ये फक्त लॉगिन ठेवा, कमिशन शून्य. वेबसाइटचा दुवा ॲपमध्ये द्यायचा असेल तर वेगळी परवानगी मागावी लागते, आणि ती घेतली की ॲपमधली विक्री बंद ठेवावी लागते. गुगलवरही नुसतं पाहण्यापुरतं ॲप चालतं. फक्त ॲपच्या आत ‘बाहेर जाऊन स्वस्तात घ्या’ असं लिहू नका, कारण ॲप तिथे अडकू शकतं. ईमेलवर, व्हॉट्सॲपवर आणि जत्रेतल्या फलकावर हवं तेवढं लिहा.

प्रश्न : माझे गणिताचे क्लास आहेत. आयफोनच्या ॲपमध्ये शिकवणीची फी थेट यूपीआयने घेतली म्हणून ॲप नाकारलं. वर्गातल्या फीला कमिशन नाही, मग ऑनलाइनला का?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, तुम्ही एका वेळी किती विद्यार्थ्यांना शिकवता यावर उत्तर अवलंबून आहे. ॲपलच्या नियमात एक शिक्षक आणि एक विद्यार्थी यांची थेट चालू असलेली शिकवणी असेल तर तुमचं स्वतःचं पेमेंट चालतं. एक शिक्षक आणि तीन विद्यार्थी झाले की ॲपमधली खरेदी ॲपलच्या व्यवस्थेतून व्हायला हवी. रेकॉर्ड केलेले धडे तर डिजिटल मालच. चिपळूणच्या वर्गात येऊन बसणाऱ्याची फी ॲपमधून भरली तर ती प्रत्यक्षातली सेवा, कमिशन नाही. शिक्षक तोच, धडा तोच, पण डोकी मोजून दर बदलतो. कोविडच्या काळात वर्ग ऑनलाइन गेल्यावर हीच रेघ जगभर टोचली. टीका झाल्यावर ॲपलने ऑनलाइन सामूहिक कार्यक्रमांना २०२१ अखेरपर्यंत सूट दिली आणि नंतर ती संपली. ही रेघ आम्हाला न्याय्य वाटत नाही, पण आज ती लागू आहे.

आता करायचं काय ते सांगतो. नकाराच्या पत्रात नियमाचा क्रमांक असतो, तो आधी पाहा. ३.१.१ असेल तर पेमेंटचाच मुद्दा आहे. तुमची शिकवणी खरोखर एकास एक असेल तर ॲप स्टोअर कनेक्टमधून (ॲप बनवणाऱ्याचं ॲपलवरचं खातं) उत्तर द्या की सेवा ३.१.३ (ड) या कलमात बसते, तास थेट होतो, एका वेळी एकच विद्यार्थी असतो. आरक्षणाच्या पडद्याचं चित्र जोडा. त्या पडद्यावर ‘बॅच’ हा शब्द दिसत असेल तर आधी तो काढा. दुसरं ॲप असंच करतं, एवढ्या एका युक्तिवादावर निर्णय बदलेल अशी आशा ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर रिव्ह्यू बोर्डाकडे अपील करता येतं. एका नकाराला एकच अपील करा आणि ते चालू असताना तेच ॲप पुन्हा पुन्हा पाठवू नका. ॲप आधीपासून स्टोअरवर असेल आणि तुम्ही नुसता दोष दुरुस्त करणारा बदल पाठवला असेल, तर कायद्याचा प्रश्न नसल्यास असा बदल पेमेंटच्या वादासाठी अडवला जाऊ नये, असं ॲपलने २०२० मध्ये मान्य केलं आहे. तो आधी जाऊ द्या, असं उत्तरात स्पष्ट लिहा.

बॅच घेत असाल तर फी वेबसाइटवर घ्या. पण तीच बॅच ॲपमध्येही ॲपलच्या व्यवस्थेतून विकत घेता आली पाहिजे. तिथली किंमत वेगळी ठेवायला हरकत नाही. वेबवर ८५० रुपये ठेवलेत तर ॲपमध्ये १,००० ठेवा, १५ टक्के गेल्यावर हातात तेवढेच येतात.

प्रश्न : भारतात आता गुगलवर स्वतःचं पेमेंट लावता येतं म्हणतात. ते लावलं तर कमिशन वाचेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फारसं नाही. स्वतःच्या पेमेंटमधून आलेल्या पैशांवर दर ४ टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे १५ चे ११ आणि ३० चे २६. यूपीआयवर एमडीआर (व्यवहारामागे विक्रेत्याला लागणारं बँकेचं शुल्क) शून्य असला तरी गेटवे आपलं शुल्क घेतोच. ते साधारण २ टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६. एकूण गेले १३.३६. शंभर रुपयांमागे वाचले १ रुपया ६४ पैसे. १०० रुपयांचे १,००० वर्गणीदार असतील तर महिन्याला १,६४० रुपये. एवढ्यासाठी प्रत्येक व्यवहार २४ तासांत गुगलला कळवणारा कोड लिहायचा, परतावे, अडकलेले पैसे, फसलेली नूतनीकरणं हे सगळं स्वतः निस्तरायचं. एक-दोन माणसांच्या कंपनीने या वाटेला जाऊ नये. ४ टक्क्यांची सूट खरा पर्याय ठरत नाही, हा भारतीय कंपन्यांचा आक्षेप आम्हाला बरोबर वाटतो.

धोरण मान्य नाही म्हणून कमिशन न भरता ॲप तसंच चालू ठेवायचा विचारही करू नका. १ मार्च २०२४ रोजी गुगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप्स काढून टाकली. त्यांत भारत मॅट्रिमोनी, शादी, नोकरी ही मोठी नावं होती. मंत्री अश्विनी वैष्णव यांनी लक्ष घातल्यावर ती काही दिवसांत परतली. रत्नागिरीतल्या दोन माणसांच्या कंपनीसाठी कुणी मंत्री तातडीची बैठक बोलावणार नाही. तुमचं ॲप गेलं तर अभिप्राय आणि शोधातलं स्थान दोन्ही जाईल.

प्रश्न : गंजिफाचा खेळ फोनवर आणतोय. किंमत एकदाच ४९ रुपये. स्टोअर टाळता येईल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : अँड्रॉइडवर येईल. फोनपेचं इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं, मराठीतही आहे, आणि स्वतःचं पेमेंट लावलं तर ॲपमधल्या विक्रीवर कमिशन घेणार नाही असं त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं. नोंदणीच्या सध्याच्या अटी वाचून घ्या. गिऱ्हाईक मात्र अजून प्ले स्टोअरवरच शोधतं, म्हणून खेळ दोन्हीकडे ठेवा. प्लेवर ही एकवेळची खरेदी आहे. वर हर्णेच्या वाचकांना सांगितलेला अकाउंट ग्रुप आधी तयार केलात तर ४९ पैकी ४१ रुपये ६५ पैसे मिळतील, नाहीतर ३४ रुपये ३० पैसे.

आयफोनसाठी खेळ ब्राउझरमध्ये चालेल असा बनवा. गंजिफाला गतिमान चित्रं लागत नाहीत, त्यामुळे ते जमण्यासारखं आहे. सफारीतून तो होम स्क्रीनवर ठेवता येतो, ९९ डॉलरची फी नाही, कमिशन नाही. पत्त्यांची चित्रं हलकी ठेवा आणि खेळाची स्थिती फोनवर न ठेवता खात्यात साठवा. ब्राउझरमधली साठवण पुसली गेली तर पैसे भरलेल्या माणसाचा खेळ जातो, आणि तो परत मिळवून द्यायला मध्ये कुठलंही स्टोअर नसतं.